तीन नंबरचा इन्स्पेक्टर

बसा. ती खुर्ची नको, तिचा एक पाय मीच कापलाय, नवीन सुपरवायझरसाठी. स्टुलावर बसा. पंखा तुमच्याकडं फिरवतो, कारण सांगताना मला घाम येणार न्हाई, पण ऐकताना तुम्हाला येईल.

गुरुवारची गोष्ट आहे. आमच्या चाकणच्या पट्ट्यात रविवारला कुणी विचारत नाही, सुट्टी गुरुवारी. त्या दिवशी वीजवाले लाइन दुरुस्तीला घेतात, यंत्रं गप्प होतात, आणि एरवी जिथं शेजारच्याच्या कानात ओरडावं लागतं, तिथं पाल चुकचुकलेली ऐकू येते. मी कंपनी उघडायला गेलो होतो, कारण किल्ली माझ्याकडं. वर्षालीला एक फाईल पाठवायची होती. बस, एवढंच काम. तीनला जायचं, चारला निघायचं, येताना भेळ.

वर्षाली म्हणजे आमची क्वालिटीची इंजिनिअर. चिखलीहून स्कूटीवर येते, चार पुस्तकं जास्त शिकलेली, पण माणूस म्हणून बरी. मी नानासाहेब, सातवी नापास. जिथं आता कंपनी आहे तिथं आमचं भुईमुगाचं वावर होतं, म्हणून मालकांनी मला इन्स्पेक्शनला चिकटवला. वीस वर्षं बुश मोजतोय. बुश म्हणजे लोखंडाचं नळकांडं, गाडीच्या पोटात कुठंतरी बसतं. कुठं ते मला अजून माहीत नाही, आणि गाडीवाल्यांनाही असेल असं वाटत नाही.

आता नीट ऐका, कारण पुढचं सगळं यावर आहे. ज्यांना आम्ही माल देतो त्या कंपनीचा नियम असा, की वर्षातून एकदा दहा बुश घ्यायचे आणि तीन माणसांनी मोजायचे. एकेक बुश तीन-तीनदा. नव्वद आकडे झाले. त्यावरून कळतं म्हणे, चूक मालात आहे, मापात आहे की मोजणाऱ्यात.

आमच्याकडं मोजणारी माणसं दोन. मी आणि वर्षाली. तिसरा आणायचा कुठून? मी जन्माला घातला.

यशवंतराव डोळस. अकरा वर्षांपूर्वी चहा पिता पिता मी त्यांचं बारसं केलं. कागदावर तिसऱ्या रकान्यात त्यांचं नाव, आणि खाली माझ्या मनानं भरलेले तीस आकडे. सही डाव्या हातानं, म्हणजे वेगळी दिसते. चाललं. मग मला चेव आला. दिवाळीच्या मिठाईच्या यादीत मी त्यांचं नाव घातलं आणि त्यांचा पुडा पॅकिंगच्या रविराजनं आणि मी खाल्ला. सुरक्षा दिनाच्या शपथेखाली त्यांची सही. एका वर्षी नोटीस बोर्डावर त्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा, आणि आमचे मालक रणजीतशेठ, बिचारे, बोर्डापुढनं जाता जाता म्हणाले, 'अरे, यशवंतरावांना माझ्याही सांगा.' मी आठ दिवस हसत होतो. बायको म्हणाली, ह्यांच्या अंगात आलंय.

यंदा मात्र त्या कंपनीत तनुजा म्हणून नवीन मॅडम आल्या. त्यांना कागद नको होता, एक्सेलची फाईलही नको होती. त्यांच्याकडं आकड्यांचा अभ्यास करणारं कसलंसं सॉफ्टवेअर आहे, ते जी फाईल खातं तीच फाईल हवी होती, गुरुवारी संध्याकाळपर्यंत. आणि शुक्रवारी सकाळी त्या स्वतः येणार, तिघांना समोर बसवून मोजायला लावणार.

तिघांना.

म्हणून आम्ही रविराजला यशवंतराव करायचं ठरवलं. रविराज धाराशिवकडचा. पन्नास किलोचा खोका काखेत मारून चालणारा, मनानं लोण्याचा गोळा. बायको विजयश्री, चार वर्षांची पोरगी, चिखलीत भाड्याची खोली. मिठाई खाल्लेली असल्यानं नाही म्हणायला त्याला जागाच नव्हती, त्या गुरुवारी तोही आला.

"काय की ओ नाना," तो बुश मोजायचा मायक्रोमीटर पाना धरल्यासारखा धरून म्हणाला, "ह्ये माज्या बोटात मावंना बगा."

"मावंल. त्यो खटका फिरवायचा, तीनदा कट-कट झालं की आकडा वाचायचा. आन् उद्या बोलायचं कमी. नाव इचारलं तर?"

"यशवंतराव डोळस."

"किती वर्षं?"

"अकरा. मिठाई दोनदा घेतली तर चालंल का, त्ये बी इचारून ठिवा."

त्याला मापांच्या खोलीत दहा बुश देऊन बसवला. ती खोली काचेची. एरवी तिथं एसी लावून गारवा ठेवतात, कारण उन्हानं लोखंड फुगतं. त्या दिवशी लाइट नव्हती, एप्रिलचं ऊन पत्र्यावर तडतडत होतं, आणि आतून यंत्रं गार ठेवणाऱ्या कूलंटचा वास येत होता, आंबलेल्या ताकासारखा. खिडकी नाही. रविराज अर्धवट अंधारात गाणं गुणगुणत बसला. काचेच्या अलीकडं मी आणि वर्षाली, बॅटरीवर चालणाऱ्या कॉम्प्युटरसमोर.

फाईल बदलायची म्हणजे काय, हे तिनं मला सांगितलं. त्या सॉफ्टवेअरला प्रत्येक रकाना समजावून सांगावा लागतो. हा आकडा आहे, हे अक्षर आहे, इथं रिकामं आहे ते खरंच रिकामं आहे. माणसांची नावं त्याला थेट चालत नाहीत. माणसाला नंबर द्यायचा आणि त्या नंबराला नावाची पाटी लावायची.

"म्हंजी जेलसारखं," मी म्हणालो.

"नाना, गप्प बसा ना थोडं." तिनं टाइप केलं. एक, नानासाहेब. दोन, वर्षाली. तीन, यशवंतराव डोळस. आणि बटण दाबलं.

आत गुणगुणणं थांबलं.

तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. वाटलं, गाणं संपलं असेल. मग खटक्याचा आवाज यायला लागला. कट, कट, कट. थोडी उसंत. कट, कट, कट. नवशिक्याचा हात असा चालत नाही. माझाही चालत नाही.

नवी फाईल तयार झाली. वर्षालीनं ती उघडून तपासायला घेतली. नव्वद ओळी. माझ्या तीस बरोबर, तिच्या तीस बरोबर. खाली तीन नंबरच्या ओळी आल्या आणि ती म्हणाली, "हे तुम्ही कधी बदललं?"

"काय?"

"यशवंतरावांची रीडिंग. तुम्ही कागदावर लिहून दिली ती ही नाहीत."

मी चष्मा लावला. आता एक गुपित सांगतो, कुणाला सांगू नका. मी मनानं आकडे भरतो तेव्हा शेवटी सात कधीच टाकत नाही. सातवीत नापास झालो, तेव्हापासून सात माझ्या हातातून उतरत नाही. आणि त्या तीस ओळींत सातच सात. एवढंच नाही. आमचा मायक्रोमीटर दशांशानंतर तीन घरं दाखवतो. पहिल्या दहा ओळींत तीन घरं होती. पुढच्या दहांत चार. शेवटच्या दहांत पाच.

"म्या न्हाई केलं," मी म्हणालो.

वर्षालीनं माझ्याकडं असं बघितलं, की मिठाईचे सगळे पुडे मला एकदम आठवले. "नाना, उद्या ऑडिट आहे. ह्यात काम गेलं तर चाळीस माणसं घरी बसतील. आज नको."

"पोरी, माज्या नातवाची आण. मला माऊस धरता येत न्हाई."

मग तिनं ड्रॉवरमधून आपला डिजिटल मायक्रोमीटर काढला, आत गेली, आणि रविराजच्या पुढ्यातून चार नंबरचा बुश उचलून आणला. रविराजनं मान वर केली नाही. तिनं बुश मोजला. फाईलमध्ये बघितलं. पुन्हा मोजला.

"बरोबर आहे," ती हळूच म्हणाली. "यांचंच बरोबर आहे. तुमचं आणि माझं… नाना, मी पण चार-पाच बुश खुर्चीत बसूनच भरले होते. आपलं दोघांचं खोटं आहे. याचं खरं आहे."

पत्रा तडतडायचा थांबला होता. ऊन तसंच होतं, पण थांबला होता. आणि काचेच्या खोलीच्या दाराखालून माझ्या पावलांवर गार हवा येत होती. एसीची येते तशी. एसी बंद होता.

मी उठलो. भीती वाटली की मी थट्टा करतो, ही माझी जुनी खोड. दारात उभा राहून म्हणालो, "बास झालं रं रविराज, चल, च्या मारू. लई शिकलास."

खटका थांबला. तो म्हणाला, "रविराज पॅकिंगला असतात. आज सुट्टी आहे. ते आलेले नाहीत."

मी हसलो. खरंच हसलो. म्हटलं, चेला गुरूच्या पुढं गेला. मागं वळून वर्षालीला डोळा मारणार, तोवर ध्यानात आलं. 'असतात'. रविराज 'असतात' म्हणत नाही. तो 'असतेत' म्हणतो. दहा वर्षांत मी त्याची एवढी टर उडवली, तरी त्याच्या जिभेला हा शब्द कधी जमला नाही. आणि हे वाक्य कसं, शाळेच्या पुस्तकातून कापून काढल्यासारखं. आवाज त्याचाच होता. पण त्या आवाजाला गाव नव्हतं.

टेबलावर त्याचा फोन वाजायला लागला. पडद्यावर 'विजू' आणि पोरीचा फोटो, दोन शेंड्यांतला. त्यानं फोनकडं बघितलं. उचलून उभा धरला. आणि वाजत्या फोनला मायक्रोमीटर लावला.

कट, कट, कट.

"आठ पूर्णांक एक सात," तो म्हणाला आणि फोन खाली ठेवला. फोन वाजत राहिला. थांबला. परत वाजला.

"रविराज… पोरगी हाय ती तुजी."

त्यानं पहिल्यांदा मान वर केली. चेहरा रविराजचाच, मिशी त्याचीच, कपाळावर पॅकिंगची पट्टी लागून झालेला वण त्याचाच. फक्त डोळे मिटत नव्हते. अंधारात बारीक रेघा वाचणाऱ्या माणसाचे डोळे असतात ना, तसे ते माझ्यावर लागले होते. त्यानं हात पुढं केला आणि माझा अंगठा धरला. बोटं बर्फ. हिसका द्यायला हवा होता, पण मला सुचलं नाही. त्यानं माझ्या अंगठ्याला मायक्रोमीटर लावला, मी शिकवला होता अगदी तसा, हलक्या हातानं.

"अकरा वर्षं तुम्ही माझ्या नावानं खोटं लिहिलंत, नाना," तो म्हणाला. रागावून नाही. आकडा सांगतात तसं. "हा पीस नापास."

मी कसा बाहेर आलो माहीत नाही. वर्षाली भिंतीला लागून उभी होती.

"काढून टाक त्याला," मी म्हणालो. "फाईलमदनं. तू नंबर दिला, पाटी लावली, आन् त्यो आला. काढ."

"नाना, तीन माणसं नसली तर उद्या—"

"उद्या आपन खरं सांगू, लाथा खाऊ. रविराज गेला तर त्या बाईला काय सांगू? मिठाईच्या पुड्यापायी तुजा नवरा म्या फाईलीत घातला?"

ती बसली. तीन नंबरच्या तीस ओळी तिनं निवडल्या. निळ्या झाल्या. मग ती पाटी निवडली. कॉम्प्युटरनं विचारलं, नक्की काढायचं का. एकदा काढलं की परत येणार नाही.

आतून आवाज आला.

"नाना…"

वर्षालीचं बोट बटणावरच राहिलं.

"नाना, काढू नका की ओ… म्या हाय हितं… नाना, म्या रविराज हाय की ओ…"

तो रडत होता. तो लोण्याचा गोळा रडावा तसाच, नाक ओढत, धाराशिवच्या बोलीत. वर्षालीनं बटणावरून हात काढला आणि माझ्याकडं बघितलं. ठरवायचं मी होतं.

आता मी आयुष्यभर काय केलं? सोंगं काढली. मेलेल्याचा आवाज काढून माझ्या मेव्हण्याला पिंपळाखालनं पळवलं, मालकाच्या आवाजात फोन करून तिसऱ्या शिफ्टला सुट्टी देऊन टाकली. सोंग कसं असतं ते माझ्याइतकं कुणाला कळणार? मला वाटलं, हा माझाच बाप निघाला. ऐन वेळी केविलवाणं व्हायचं, ही माझीच युक्ती आहे.

मी म्हणालो, "सोंग हाय. दाब."

तिनं दाबलं.

आतलं रडणं मध्येच तुटलं. वाक्य अर्धं राहिलं. मग बराच वेळ काही नाही. मग पत्रा तडतडला, एकदम सगळीकडून, आणि उकाडा असा अंगावर आला जसं कुणी घोंगडं टाकलं. दार उघडून रविराज बाहेर आला. डोळे चोळत, मिशीवरून हात फिरवत.

"काय की ओ नाना," तो म्हणाला, "डोळा लागला वाटतं. च्या सांगितला का?"

मी त्याला मिठी मारली. म्हाताऱ्यानं मिठी मारली म्हणून तो लाजला. त्यानं फोन घेतला, विजूला लावला, पोरीशी बोलला, येताना भेळ आणतो म्हणाला. वर्षाली टेबलावर डोकं टेकवून रडली. मी दोघांकडं पाठ करून उभा राहिलो, कारण मीही.

साठ ओळींची फाईल गेली. शुक्रवारी तनुजा मॅडमना आम्ही सगळं सांगितलं, म्हणजे सांगण्यासारखं तेवढं. इन्स्पेक्टर दोनच आहेत, तिसरा खोटा होता, त्याचा बाप मी. त्या रागावल्या, पण काम काढून घेतलं नाही. चार महिन्यांची मुदत दिली. रणजीतशेठनी मला इन्स्पेक्शनमधून उचलून इथं गेटवर बसवलं. बरंच झालं. वर्षालीनं ते सॉफ्टवेअर शिकून घेतलं, आता तिला विचाराल तर त्या दुपारचं नाव काढत नाही. तिसरा माणूस हवा होता, तर रणजीतशेठनी रविराजलाच खरोखर शिकवून घेतला. आठ दिवसांत तरबेज झाला. सगळे म्हणतात, काय हात आहे. मी म्हणालो, मी शिकवलाय, आणि आजूबाजूचे हसले, मीही हसलो. महिनाभर बरं चाललं होतं. मी परत एकाच्या डब्यात बेडूकही सोडला.

काल विजयश्री आली होती. ह्याच खिडकीपाशी उभी राहिली. पोरीला आणलं नव्हतं. पाणी दिलं ते तिनं नुसतं हातात धरलं.

"नाना, शिफ्ट कितीला सुटते ओ?"

"साडेपाचला. का गं?"

"आन् चिखलीला यायला?"

"पाऊण तास धर. ट्रॅफिक असंल तर तास."

ती मान हलवत राहिली. मनातल्या मनात जुळवत असावी.

"मग साडेपाचला दारात येतेत ते कोण?"

मी गेटचं रजिस्टर मिटलं.

"रोज येतेत," ती म्हणाली. आवाज इतका बारीक, की मला खिडकीतून डोकं बाहेर काढावं लागलं. "बोलत न्हाईत. नुसतं उंबऱ्याच्या भायेर हुबे ऱ्हातेत, भिजल्यावानी. आत या म्हटलं तर मान हलवतेत, यायला जमंना असं. मग सहा वाजले की दिसत न्हाईत. आन् साडेसहाला हे येतेत, डबा ठिवतेत, हातपाय धुतेत. ग्वाड बोलतेत. पैल्यापेक्षा जास्त ग्वाड."

"बाई, उन्हाचा… भास होतो कदी कदी."

"मला वाटलं व्हतं भास." तिनं पाण्याचा पेला खिडकीत ठेवला, भरलेला. "पन पोरीला बी दिसतेत. साडेपाचला ती पळत जाती, उंबऱ्यात बसून त्येंच्याशी शाळंचं बोलती. हसती. आन् साडेसहाला कडी वाजली की मोरीत जाऊन आतनं दार लावून घेती. कितीबी हाका मारा, येत न्हाई."

मागं भोंगा झाला. शिफ्ट सुटली. माणसं गेटकडं यायला लागली, डबे हलवत, आणि त्यांच्यात मला रविराजची मिशी दिसली. त्यानंही आम्हाला बघितलं असावं, कारण तो चालायचा थांबला.

विजयश्रीनं मागं वळून बघितलं नाही. खिडकीचा गज घट्ट धरून ती मला म्हणाली,

"नाना, तुमी लई वर्सं वळखता त्येंना. खरं सांगा… ह्या दोगातला माजा कोनता ओ?"